लष्करी गावातील घर : इंदापूर-बारामतीचा कसबा आणि पुण्याची छावणी

ज्या गावाचा जन्म किंवा उत्कर्ष लष्कराच्या आश्रयाने होतो, त्या गावात घर घेणारा मनुष्य नेमके काय विकत घेतो? भिंती, छप्पर आणि अंगण त्याच्या ताब्यात येतात, हे उघड आहे. परंतु त्याखालची जमीनही त्याची होते काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पुणे जिल्ह्यात या प्रश्नाची दोन भिन्न ऐतिहासिक उत्तरे आढळतात. पहिले उत्तर जिल्ह्याच्या पूर्वेकडील इंदापूर, सुपे व बारामती या कसब्यांच्या इतिहासात सापडते, तर दुसरे पुणे, खडकी आणि देहूरोड येथील छावण्यांच्या कायद्यात. दोन्ही ठिकाणी लष्करी सत्ता हीच वस्तीचे मूळ कारण होती. तथापि रहिवाशाच्या हक्काची घडण मात्र परस्परविरुद्ध झाली. हा विरोध कसा उद्भवला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

निजामशाही व आदिलशाही राजवटींत लष्करी सरदाराला प्रांत ‘मोकासा’ म्हणून दिला जाई. मोकासा म्हणजे भूमीची मालकी नव्हे. फौज बाळगण्याच्या मोबदल्यात त्या प्रदेशाचा वसूल घेण्याचा अधिकार, असा त्याचा अर्थ होता. सत्ताधीशाची मर्जी फिरली की मोकासा दुसऱ्याच्या नावे होई. पुणे, सुपे, इंदापूर व चाकण हे परगणे शहाजीराजांच्या मोकाशाशी निगडित होते. इंदापुरातील गढी आजही मालोजीराजांच्या नावाने ओळखली जाते आणि त्यांना इंदापूरच्याच लढाईत मृत्यू आला, अशी परंपरा आहे. सुपे येथील ठाणे शहाजीराजांच्या वतीने संभाजी मोहिते यांच्याकडे होते. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी ते आपल्या ताब्यात घेतले. पुढे 1660 मध्ये शाइस्तेखानाची फौज याच सुपे-बारामतीच्या वाटेने पुण्याकडे गेली. तात्पर्य, गढीतील धनी एका पिढीत अनेकदा बदलू शकत होता.

अशा अस्थिर परिस्थितीत गढीच्या सावलीत घर बांधणाऱ्याला आधार कोणता होता? तो आधार मोकासदाराच्या सनदेत नव्हता. तो गावाच्या स्मृतीत होता. गावाची जमीन ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी दोन प्रकारची मानली जाई. काळी म्हणजे पिकाऊ रान आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. या दोन्हींत वंशपरंपरागत हक्क असणाऱ्यास मिरासदार म्हणत. जो बाहेरून येऊन केवळ कराराने जमीन करी, तो उपरी. मिरास विकत घेता येत असे, दान देता येत असे, गहाणही टाकता येत असे. एखादे कुटुंब निर्वंश झाले किंवा कायमचे परागंदा झाले, तर त्याची ‘गतकूळ’ ठरलेली जागा गाव नव्या माणसास मिराशीने देई. मिरासपत्रावर पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार यांच्या साक्षी-निशाण्या पडत. वाद उपस्थित झाला तर देशमुख-देशपांड्यांसह गोतसभा बसे आणि जाणत्यांच्या साक्षी घेऊन निवाडा देई.

नवी पेठ वसवावयाची असेल, तर रीत थोडी निराळी होती. व्यापारी आणि कारागीर यांना सरकारातून ‘कौल’ मिळे. काही वर्षे कर माफ आणि पुढे तो क्रमाक्रमाने वाढवावयाचा, अशी त्यातील अट असे. या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणत. दुष्काळाने किंवा स्वारीने उजाड झालेला मुलूख पुन्हा वसविण्याचे हेच मुख्य साधन होते. 1630 ते 1632 च्या भीषण दुष्काळानंतर पुणे प्रांताची जी पुनर्वसाहत झाली, तिच्या मुळाशी हेच धोरण होते. म्हणजे सरदारालाच रहिवाशाची गरज होती. रयत उठून गेली तर मोकाशाचा वसूल बुडे. रहिवाशाच्या हक्काला बळ मिळाले ते काही अंशी या गरजेतून.

पेशवाईतील बारामती हे याचे ठळक उदाहरण होय. तेथे बाबूजी नाईक जोशी यांचे प्रस्थ होते. नाईक हे सावकार तसेच सरदार. त्यांचे बंधू आबाजी नाईक यांना पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई दिलेली होती. कऱ्हेच्या काठचा त्यांचा तटबंदीचा वाडा म्हणजे घर, कचेरी आणि ठाणे यांचा संगम होता. याच नाईकांच्या आश्रयाने पन्हाळ्याकडील मोरोपंत बारामतीस आले आणि 1794 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे वास्तव्य मुख्यतः तेथेच राहिले. लष्करी-सावकारी धन्याच्या गावात एका पंडित कवीचा संसार चार दशके स्थिरावतो, ही गोष्ट कसब्याच्या स्वरूपाविषयी बरेच काही सांगून जाते. कसबा ठाण्यामुळे वाढला, तरी तो ठाण्यापुरता राहिला नाही.

1818 मध्ये पेशवाई संपली. एल्फिन्स्टन यांनी 1819 च्या आपल्या अहवालात मिराशीच्या हक्काची विशेष दखल घेतली. त्यानंतर पुणे जिल्ह्यात प्रिंगल यांनी निव्वळ उत्पन्नाच्या तत्त्वावर केलेली आकारणी अयशस्वी झाली. तिचा बोजा इंदापूर भागात इतका असह्य झाला की शेतकऱ्यांनी जमिनी टाकून दिल्या. म्हणून 1836 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या मोजणीस व आकारणीस प्रारंभ केला तो इंदापूर तालुक्यातच. हलका सारा, 30 वर्षांची हमी आणि सारा भरणाऱ्याच्या नावे खाते, ही पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र रूढ झालेली पद्धत येथे आकारास आली. गोतसभेच्या साक्षीची जागा आता नकाशाने आणि नोंदवहीने घेतली. नोंदलेला हक्क विकणे सोपे झाले. त्याबरोबर तो गमावणेही सोपे झाले. 12 मे 1875 रोजी सुपे येथे सावकारांच्या दस्तऐवजांवर जो रोष उसळला, त्याची एक बाजू ही होती. तरीही ज्याच्या नावे खाते त्याची जमीन, हे तत्त्व पक्के झाले.

आता याच वर्षाची दुसरी घटना पाहावी. 12 सप्टेंबर 1836 रोजी बंगाल इलाख्यातील छावण्यांसाठी गव्हर्नर जनरलचा 179 क्रमांकाचा आदेश निघाला. ‘ओल्ड ग्रँट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धारणापद्धतीचा तो प्रातिनिधिक नमुना होय. मुंबई इलाख्यातील छावण्यांतही याच धर्तीचे धारण रूढ झाले. त्यातील अटी स्पष्ट आहेत. छावणीतील जमीन सर्व प्रसंगी सरकारचीच राहील. ती धारकास विकता येणार नाही. त्यावर बांधलेले घर एका लष्करी अधिकाऱ्याने दुसऱ्यास द्यावे. इतरांस द्यावयाचे तर पूर्वपरवानगी घ्यावी. सरकारला वाटेल तेव्हा एक महिन्याची सूचना देऊन आणि मंजूर बांधकामाची किंमत चुकवून जागा परत घेता येईल. इंदापुरात सरकार रयतेला जमिनीवर स्थिर करू पाहत होते, त्याच वर्षी छावणीसाठी ते रहिवाशाला जमिनीपासून कायद्याने अलग ठेवत होते. या फरकाचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. तालुक्यात सरकारला वसूल हवा होता; छावणीत मोकळी भूमी हवी होती.

पुण्याची छावणी 1817 च्या खडकीच्या लढाईनंतर वसली. प्रारंभीचे बंगले अधिकाऱ्यांनी बांधले. पुढे ते पारशी, बोहरी, मराठी अशा नानाविध कुटुंबांच्या हाती आले. घराच्या मालकालाही ते सर्वस्वी स्वतःच्या इच्छेने वापरता येत नव्हते. 1902 आणि 1923 च्या छावणी-निवास कायद्यांन्वये लष्करी अधिकाऱ्यासाठी घर भाड्याने देण्याची सक्ती करता येत असे. 1924 च्या छावणी कायद्यानंतर 1925 आणि 1937 च्या नियमांन्वये ‘जनरल लँड रजिस्टर’ ठेवले जाऊ लागले. जमिनीचा प्रकार, जमीनधनी आणि केवळ भोगवट्याचा हक्क असणारा धारक यांच्या नोंदी त्यात असतात. सागर छावणीतील एका बंगल्यासंबंधी 1999 मध्ये दिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या रजिस्टरातील नोंदींना निर्णायक महत्त्व दिले आणि जमीन ओल्ड ग्रँटचीच असल्याचे मानले. नोंदलेले खरेदीखत हाती असले, तरी विकणाऱ्याजवळ जो हक्क नव्हता तो घेणाऱ्याला मिळत नाही, हाच याचा अर्थ.

म्हणून बारामती-इंदापूरकडील एखादे कुटुंब आपल्या गावची शेती विकून छावणीच्या हद्दीत घर घेते, तेव्हा ते एका धारणापद्धतीतून दुसरीत पाऊल टाकत असते. गावी त्याने सातबारा आणि मिळकत पत्रिका पाहिलेली असते. येथे पाहावयाचे ते जनरल लँड रजिस्टर. जागा पूर्ण मालकीची, भाडेपट्ट्याची की ओल्ड ग्रँटची. पट्टा असल्यास त्याची मुदत किती उरली. हस्तांतरास आणि बांधकामास मंजुरी आहे काय, हे प्रश्न किमतीपेक्षा आधीचे आहेत. विनामंजुरी वाढविलेल्या खोलीचा मोबदला मिळण्याची शाश्वती नसते.

2006 च्या कायद्याने छावणी मंडळांच्या कारभारात सुधारणा केली. जमिनीच्या स्वामित्वाचा मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. एप्रिल 2023 मध्ये हिमाचल प्रदेशातील खास योल येथील छावणी रद्द करण्यात आली आणि अन्यत्रही नागरी वस्ती स्थानिक नगरसंस्थांत विलीन करण्याचा विचार पुढे आला. पाणी, रस्ते, करआकारणी यांचा धनी बदलणे हा प्रशासनाचा भाग होय. परंतु घराखालची जमीन कोणाची, याचे उत्तर त्याने आपोआप मिळत नाही. ते स्वतंत्रपणे द्यावे लागेल.

कसबा आणि छावणी यांची ही तुलना एका निष्कर्षाकडे नेते. कसब्यात सेनापती तात्पुरता आणि रहिवासी कायम मानला गेला. छावणीत सेना कायम आणि रहिवासी तात्पुरता. इंदापूरच्या गढीचे धनी गेले, पण तिच्याभोवतीची पांढरी नांदती राहिली. कारण मिराशीचा आधार गढीत नव्हता. छावणीतील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य केले, तरी तेवढ्याने त्यांचा भोगवटा मालकीत परिणत झाला नाही. दीर्घ वास्तव्याला हक्काचे मोल द्यावयाचे की नाही, आणि द्यावयाचे तर कोणत्या मर्यादेत, हा आजच्या धोरणापुढील खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना छावणीच्या नियमांबरोबर मिराशीच्या जुन्या व्यवहाराचाही अभ्यास होणे अगत्याचे आहे.