शब्दगणनेची आज्ञावली : पर्याय, कॉन्फिगरेशन फाइल आणि निष्कर्षांची विश्वसनीयता

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे मराठीतील दोन भिन्न शब्द होत. पहिला ‘दरी’चे अनेकवचन, तर दुसरा समुद्रवाचक. संहितेतील शब्दगणना करणाऱ्या आज्ञावलीत अक्षरांचे विघटन करून नुक्ता वगळण्याचा नियम लागू असेल, तर हे दोन्ही शब्द एकच ठरतात. कारण युनिकोडमध्ये ‘ऱ’चे विघटन ‘र’ आणि नुक्ता असे होते. हा नियम कोठून लागू झाला, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही. तो पाठचिकित्सेचाही प्रश्न ठरतो.

असे नियम आज्ञावलीला तीन ठिकाणांहून मिळतात : तिच्यातच लिहिलेले गृहीत मूल्य, कॉन्फिगरेशन फाइल आणि कमांड लाइनवर दिलेला पर्याय. गृहीत मूल्यापेक्षा फाइल आणि फाइलीपेक्षा कमांड लाइन प्रमाण मानावी, असा रूढ संकेत आहे. संपादक प्रस्तावनेत आपली संपादनपद्धती नोंदवितो, तसे फाइलीचे स्थान आहे. कमांड लाइनवरील पर्याय हा त्या वेळेपुरता अपवाद होय.

पायथन भाषेत या कामासाठी अनुक्रमे ‘कॉन्फिगपार्सर’ आणि ‘आर्गपार्स’ ही साधने उपलब्ध आहेत. त्यांच्या वापरात दोन ठिकाणी प्रमाद संभवतो. गृहीत मूल्य ‘आर्गपार्स’मध्येच लिहिले, तर ते आणि अभ्यासकाने प्रत्यक्ष दिलेले मूल्य यांत भेद उरत नाही, परिणामी फाइलीतील नियम निमूटपणे डावलला जातो. तेथे मूल्य रिक्त ठेवून तिन्ही स्तरांची जुळणी नंतर करणे इष्ट. दुसरे असे की, ‘कॉन्फिगपार्सर’ प्रत्येक मूल्य अक्षरमाला म्हणूनच वाचतो. ‘नुक्ता वगळावा’ यापुढे नकारार्थी 0 लिहिले, तरी रिक्त नसलेली अक्षरमाला पायथन सत्य मानते आणि नुक्ता वगळला जातो. त्यासाठी ‘गेटबूलियन’ ही पद्धत योजावी लागते. देवनागरी मजकुराची फाइल उघडताना ‘यूटीएफ-8’ हे संकेतनही स्पष्टपणे नमूद करावे.

या दोन्ही प्रमादांत आज्ञावली थांबत नाही, दोषही दाखवीत नाही. कोष्टक तयार होते आणि त्यातील आकडे मात्र चुकीचे असतात. म्हणून प्रत्यक्ष लागू झालेले सर्व नियम कोष्टकाच्या शिरोभागी आपोआप छापले जावेत, अशी तरतूद आज्ञावलीतच असावी. त्याविना शब्दगणनेवर आधारलेला निष्कर्ष दुसऱ्या अभ्यासकाला पडताळता येणार नाही.