शहागंजच्या घड्याळात अख्खा कॅल्क्युलस

संभाजीनगरात शहागंजच्या चौकात निजामकालीन घड्याळाचा मनोरा उभा आहे. बारावी विज्ञानाच्या गणिताच्या पेपरची आदली संध्याकाळ असेल आणि तुमची वाट त्या चौकातून जात असेल, तर गर्दीतून सावकाश पुढे सरकताना एक प्रश्न मनात घोळवून बघा. घड्याळाच्या मोठ्या काट्याचं टोक आणि लहान काट्याचं टोक यांच्यातलं अंतर सगळ्यांत झपाट्याने कधी वाढतं?

अमेरिका आणि कॅनडातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पुटनम ही गणिताची नामांकित स्पर्धा होते. तिथे १९८३ साली हा प्रश्न विचारला गेला होता, काट्यांची लांबी ३ आणि ४ धरून. सोडवायला मात्र बालभारतीच्या पुस्तकाबाहेरचं काहीही लागत नाही. माझ्या मते शेवटच्या उजळणीसाठी याहून चांगलं गणित शोधून सापडणार नाही, कारण कॅल्क्युलसमध्ये मुलं जिथे जिथे अडखळतात त्यातल्या बहुतेक जागा या दोन काट्यांमध्ये दडलेल्या आहेत. मुलांची सूत्रं सहसा पाठ असतात. मार्क जातात ते सूत्र कोणत्या अटीवर चालतं हे विसरल्यामुळे. म्हणून आदल्या संध्याकाळी सूत्रांचा तक्ता पुन्हा वाचण्यापेक्षा एकेका सूत्राला त्याची अट विचारावी.

तीही वही मिटून. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तोच पुन्हा वाचला, तर काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. दोन दिवसांनी चित्र उलटलं. आठवून लिहिणाऱ्यांना ६८ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ५४. सोडवलेलं गणित वाचताना ‘हे येतं मला’ असं जे वाटतं, ते बहुधा त्या पहिल्या पाच मिनिटांतलं वाटणं असतं. तेव्हा कोरा कागद घ्या.

मनोऱ्यावरचे काटे प्रत्यक्षात केवढेही असोत, आपण लहान काटा ३ विती आणि मोठा ४ विती धरू. मोठा काटा मिनिटाला ६ अंश फिरतो, लहान काटा अर्धा अंश. म्हणजे त्यांच्यातला कोन मिनिटाला साडेपाच अंशांनी बदलतो. दोन्ही टोकं आणि घड्याळाचं केंद्र मिळून त्रिकोण होतो. कोसाईन रूल लावला की अंतराचा वर्ग मिळतो : २५ वजा २४ गुणिले कोनाचा कोसाईन. बाराच्या ठोक्याला कोन शून्य, अंतर १ वीत. काटे समोरासमोर आले की अंतर ७ विती. नऊ वाजता कोन काटकोन, अंतर ५ विती.

आता नऊ वाजता हे अंतर कोणत्या दराने बदलतंय? पहिला खड्डा इथेच आहे. घाईत मुलं काटकोनाची किंमत आधीच समीकरणात टाकतात. काटकोनाचा कोसाईन शून्य, म्हणून अंतराचा वर्ग २५, आणि स्थिर संख्येचं डेरिव्हेटिव्ह शून्य. उत्तर आलं की अंतर बदलतच नाही. पण काटे तर फिरताहेत! किंमत टाकली की त्या क्षणापुरतं चित्र गोठतं आणि गोठलेल्या चित्रातून बदलाचा दर निघत नाही. आधी डेरिव्हेटिव्ह, मगच किंमत. डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर मिळतं ते असं : अंतर गुणिले अंतराचा दर, बरोबर १२ गुणिले कोनाचा साईन गुणिले कोनाचा दर. शेवटचा तो ‘कोनाचा दर’ चेन रूलमधून येतो आणि घाईत गळतोही तोच.

कोनाचा दर म्हणून साडेपाच टाकला तर अंतर मिनिटाला १३.२ विती वाढतंय असं उत्तर येतं. अंतर ७ वितींच्या पुढे कधी जातच नाही, मग मिनिटात १३ विती कुठून वाढणार? चूक अंशांची आहे. साईनचं डेरिव्हेटिव्ह कोसाईन असतं ते कोन रेडियनमध्ये असेल तरच, कारण त्या सूत्राच्या मुळाशी असलेली लिमिट (कोन शून्याकडे जाताना साईन भागिले कोन) रेडियनमध्येच १ येते. साडेपाच अंश म्हणजे सुमारे ०.०९६ रेडियन. मग दर येतो मिनिटाला ०.२३ विती. हे पटण्यासारखं आहे.

तीन वाजताही अंतर ५ वितीच असतं. पण तेव्हा मोठा काटा मागे असतो, लहान काट्याला गाठायला निघालेला, म्हणून मधला कोन घटत असतो. दर तेवढाच, चिन्ह उणे. काय वाढतंय आणि काय घटतंय हे गणित सुरू करण्याआधी एका ओळीत लिहून ठेवलं, तर चिन्हाची चूक बहुतेक वेळा होतच नाही.

आता मूळ प्रश्न. अंतर सगळ्यांत झपाट्याने काटकोनात वाढत असेल, असं पहिल्यांदा जवळजवळ सगळ्यांना वाटतं. तसं नाही. इथे कमाल शोधायची आहे ती अंतराची नाही, अंतराच्या दराची. दराचं डेरिव्हेटिव्ह शून्य केलं की कोनाचा कोसाईन पाऊण येतो. कोन साधारण ४१.४ अंश, अंतर ७ चं वर्गमूळ, म्हणजे २.६५ विती. बारा वाजल्यापासून मोजलं तर हा क्षण बारा वाजून साडेसात मिनिटांच्या आसपास येतो. त्या वेळी दर मिनिटाला ०.२९ विती असतो. त्रिकोण काढून बघा : ३ चा वर्ग अधिक ७ बरोबर ४ चा वर्ग. लहान काट्याच्या टोकाशी काटकोन झालेला असतो, म्हणून मोठा काटा स्थिर मानून बघितलं तर ते टोक थेट दुसऱ्या टोकाच्या विरुद्ध दिशेने पळत असतं.

या क्षणी अंतराचं दुसरं डेरिव्हेटिव्ह शून्य असतं आणि तिथे ते चिन्हही बदलतं. हाच इन्फ्लेक्शन पॉइंट. पुस्तकात तो वक्राचा बाक बदलण्याची जागा म्हणून येतो आणि मुलं त्याला नुसती व्याख्या म्हणून घोकतात. घड्याळावर तो दिसतो. त्याच्या आधी वाढीचा वेग वाढत असतो, नंतर वाढ चालूच राहते पण वेग ओसरू लागतो. चिन्ह बदलणं ही अट सोडू नका. क्ष चा चौथा घात घेतला तर शून्यापाशी दुसरं डेरिव्हेटिव्ह शून्य आहे, पण बाक बदलत नाही. पहिल्या डेरिव्हेटिव्हचंही तसंच : क्ष चा घन शून्यापाशी क्षणभर सपाट होतो, पण तिथे शिखरही नाही आणि दरीही नाही.

शिखरावर बदलाचा दर शून्य होतो हे आपल्या भागात फार जुन्या काळी हेरलं गेलं आहे. संभाजीनगरहून कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावजवळ पाटण लागतं. तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाच्या दोन गती वेगळ्या केल्या आहेत. आजच्या आणि उद्याच्या स्थानांतला फरक ही एक, आणि त्या क्षणाची, तात्कालिक गती ही दुसरी. चंद्र दिवसाला सरासरी १३ अंश सरकतो आणि त्याचा वेग सतत बदलतो. तिथी नेमकी कधी संपते हे काढायचं तर दिवसाची सरासरी पुरत नाही, त्या क्षणाची गती लागते. ती काढताना ज्येच्या, म्हणजे साईनच्या, बदलाचं माप त्यांनी कोटिज्येने, म्हणजे कोसाईनने, घेतलं. ग्रहाच्या स्थानात करायची दुरुस्ती जिथे सर्वाधिक असते तिथे तिच्यामुळे गतीत पडणारा फरक शून्य होतो, हेही त्यांनी नोंदवलं. लिमिटची काटेकोर व्याख्या युरोपात एकोणिसाव्या शतकात घडली, त्यामुळे भास्कराचार्यांच्या हाती आजचा कॅल्क्युलस होता असं म्हणणं बरोबर नाही. पण सरासरी दर आणि क्षणाचा दर यांतला जो फरक आज मुलांना छळतो, तो त्यांना पंचांगाच्या गरजेतून स्वच्छ दिसला होता. ही परंपरा आपल्या इतक्या जवळची आहे आणि शाळेत ती एका वाक्यात उरकली जाते, याचं मला वाईट वाटतं.

घड्याळाकडे परत येऊ. समजा दोन्ही काटे सारखेच, ४ विती लांब आहेत. मग अंतराचा वर्ग होतो ६४ गुणिले अर्ध्या कोनाच्या साईनचा वर्ग. वर्गमूळ काढताना ‘८ साईन’ लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण कोन उणे असेल तर अंतर उणे येईल, आणि उणे अंतर नसतं. वर्गाचं वर्गमूळ म्हणजे मॉड्युलस, ही विसरायची गोष्ट नाही.

त्या मॉड्युलसने सगळा स्वभाव बदलतो. काटे एकमेकांवर येतात तेव्हा अंतर शून्य होतं. त्याच्या लगेच आधी ते मिनिटाला ०.३८ विती या दराने घटत असतं आणि लगेच नंतर त्याच दराने वाढू लागतं. दराच्या सूत्रात त्या क्षणी शून्य भागिले शून्य येतं. डावीकडची लिमिट उणे, उजवीकडची अधिक, दोन्ही जुळत नाहीत, म्हणून त्या क्षणी डेरिव्हेटिव्हच नाही. आलेखाला टोक आलं आहे. अंतर मात्र कुठेही तुटलेलं नाही, फंक्शन कंटिन्युअस आहे. आणि अंतर सर्वांत कमी आहे तेही नेमकं इथेच. दर शून्य करून किमान शोधणाऱ्याला ही जागा सापडणारच नाही. म्हणून क्रिटिकल पॉइंट शोधताना ‘डेरिव्हेटिव्ह शून्य आहे’ याच्याबरोबर ‘डेरिव्हेटिव्ह अस्तित्वात नाही’ हेही तपासायचं असतं, आणि बंद इंटरव्हल असेल तर त्याची दोन्ही टोकंसुद्धा.

रोलचा थिअरम इथेच नीट समजतो. सहा वाजता काटे समोरासमोर असतात. पुन्हा समोरासमोर येतात सात वाजून ५ मिनिटं २७ सेकंदांनी. दोन्ही वेळी अंतर सारखंच. मग मध्ये कधीतरी अंतराचा दर शून्य व्हायला हवा, असं थिअरम सांगतो. काटे ३ आणि ४ वितींचे असतील तर तो होतोच, सहा वाजून ३२ मिनिटं ४४ सेकंदांनी, काटे एकावर एक आले की. पण काटे सारख्या लांबीचे असतील तर मधल्या वेळात दर कधीच शून्य होत नाही. थिअरम खोटा ठरला का? नाही. मधल्या प्रत्येक क्षणी डेरिव्हेटिव्ह असलं पाहिजे ही अट मोडली, म्हणून त्याने काही कबूलच केलेलं नव्हतं. पेपरात ‘रोलचा थिअरम पडताळा’ असं येतं तेव्हा आधी तीन अटी लिहायच्या आणि मग उत्तर काढायचं, ते याचसाठी.

इंटिग्रेशनलाही हेच घड्याळ पुरतं. दर ठाऊक असला तरी अंतर कळत नाही, सुरुवातीला ते किती होतं हेही लागतं. ‘अधिक सी’ म्हणजे ती सुरुवात. बारा वाजता अंतर १ वीत होतं हे सांगितलं की सी ठरतो. मग बारापासून काटे पुन्हा एकमेकांवर येईपर्यंत, म्हणजे १ वाजून ५ मिनिटं २७ सेकंदांपर्यंत, दराचं इंटिग्रेशन करा. उत्तर शून्य येतं, कारण अंतर १ वरून ७ वर गेलं आणि परत १ वर आलं. टोकं मात्र आधी ६ विती लांब गेली आणि मग ६ विती जवळ आली, एकूण १२. प्रश्नात निव्वळ बदल विचारलाय की एकूण, हे न बघता इंटिग्रेशन केलं तर क्षेत्रफळाच्या गणितात हमखास घोटाळा होतो. साईनच्या वक्राखालचं शून्यापासून दोन पायपर्यंतचं क्षेत्रफळ ४ आहे, पण इंटिग्रल शून्य. अक्षाच्या खालचा भाग वेगळा काढून त्याचं चिन्ह बदलावं लागतं.

राहिलेल्या तासाभरात काय करावं, याचंही उत्तर प्रयोगातून मिळालेलं आहे. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली विद्यार्थ्यांना घनाकृतींच्या घनफळाची गणितं दिली. एका गटाने एका प्रकारची सगळी गणितं संपवून मग पुढचा प्रकार घेतला, दुसऱ्या गटाने प्रकार मिसळून सोडवले. सराव चालू असताना पहिला गट खूप पुढे होता, ८९ टक्के विरुद्ध ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिल्या गटाला २० टक्के मिळाले, मिसळून सोडवणाऱ्यांना ६३. कारण पेपरात प्रश्नाच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव छापलेलं नसतं. कोणती पद्धत लावायची हे ओळखणं हाच निम्मा पेपर असतो, आणि एकाच प्रकारची गणितं ओळीने सोडवताना त्या ओळखण्याचा सराव होतच नाही.

म्हणून इंटिग्रेशनची दहा गणितं सोडवत बसण्यापेक्षा एकसारखी दिसणारी तीन शेजारी शेजारी लिहा. तिन्हींत छेद एकच : क्ष चा वर्ग अधिक ४. अंश पहिल्यात १, दुसऱ्यात क्ष, तिसऱ्यात क्ष चा वर्ग. पहिलं थेट टॅन इन्व्हर्सचं सूत्र आहे, अर्धा गुणिले टॅन इन्व्हर्स क्ष भागिले २. दुसऱ्यात छेदाचं डेरिव्हेटिव्ह अंशात जवळजवळ तयारच आहे, फक्त २ कमी पडतो, म्हणून अर्धा गुणिले छेदाचा लॉग. तिसऱ्यात अंशाचा घात छेदाएवढाच असल्यामुळे आधी भागाकार करायला हवा. उत्तर येतं क्ष वजा २ गुणिले टॅन इन्व्हर्स क्ष भागिले २. तिन्हींच्या शेवटी अधिक सी. प्रत्येकापुढे सोडवण्याआधी पद्धतीचं नाव आणि ती का निवडली याचं कारण पाच-सहा शब्दांत लिहा, मग वही उघडून पडताळा आणि वेळेवर झोपा.