भुताला गुण किती द्यावेत?

भयपट म्हटला की आपल्याकडचा सुशिक्षित माणूस आधी हसतो. त्यातून तो रामसे बंधूंचा असेल तर विचारायलाच नको. ओसाड हवेली, करकरणारे दार, विझू विझू झालेली मेणबत्ती आणि नेमकी मध्यरात्रीच तळघराकडे निघालेली नायिका! एवढ्या सामग्रीवर या घराने १९७० आणि ८०च्या दशकांत चित्रपटामागून चित्रपट काढले. समीक्षकांनी नाके मुरडली. पिटातला प्रेक्षक मात्र येत राहिला. आज हे चित्रपट मोबाईलवर पाहता येतात आणि पाहून झाल्यावर कोणालाही त्यांना पाचपैकी तारे देता येतात. प्रश्न एवढाच, की ते द्यायचे कोणत्या मापाने?

फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेल्या एफ. यू. रामसे यांचा धंदा रेडिओचा, पण नाद चित्रपटांचा. त्यांच्या ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) आणि ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) या चित्रपटांचे दिग्दर्शक होते ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर, हे अनेक मराठी वाचकांना ठाऊक नसेल. यातला दुसरा चित्रपट पडला. मात्र त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात, त्या प्रसंगाला प्रेक्षक दचकतो, हे रामसेंच्या मुलांनी हेरले. पडलेल्या चित्रपटातल्या त्या एका प्रसंगावर घराचा पुढचा व्यवसाय उभा राहिला.

सात भाऊ आणि सात कामे. कथा कुमारची, दिग्दर्शन तुलसी आणि श्यामचे, कॅमेरा गंगूचा, ध्वनी किरणचा, संकलन अर्जुनचे, निर्मितीची धावपळ केशूची. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) करताना सारे बिऱ्हाड महाबळेश्वरला गेले. सेट उभारण्याऐवजी तिथलीच जागा वापरली. साधारण साडेतीन लाख रुपयांत आणि चाळीस दिवसांत काम उरकले, असे या भावांनी पुढे मुलाखतींतून सांगितले. पैसा कमी म्हणून धुके जास्त, अशी ही रीत होती. अंधारात भिंतीचा उडालेला रंग दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचीच माणसाला भीती वाटते!

अशा चित्रपटांकडे पाहण्याची एक तऱ्हा अमेरिकेतून आली. एड वुडचा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ १९८० मध्ये एका पुस्तकाने जगातला सर्वांत वाईट चित्रपट ठरवला आणि तेव्हापासून लोक तो हसण्यासाठी हौसेने पाहू लागले. चित्रीकरण पुरे होण्याआधीच बेला लुगोसी हा नट वारला होता. त्याच्या जागी दुसरा माणूस झग्याने तोंड झाकून वावरतो. हसू येणारच. पण वुड स्वतः १९७८ मध्येच हलाखीत मरण पावला होता. या उफराट्या कीर्तीचा त्याला काय उपयोग?

आपल्याकडेही आता रामसेपटांतले तुकडे काढून चारचौघांत हसण्याची पद्धत पडली आहे. तुकड्यावर हसणे सोपे असते. पण भीती ही साचत जाणारी गोष्ट आहे. ती मोजायची तर चित्रपट सलग, दिवे मालवून पाहिला पाहिजे आणि मग तीन साधे प्रश्न विचारले पाहिजेत. घाबरवायचे ठरवले, ते साधले का? हाती होते तेवढ्यातून काय उभे केले? आणि प्रेक्षकाचा किती वेळ फुकट घालवला?

‘पुराना मंदिर’ (१९८४) घ्या. सामरी या सैतानाचे शिर एकीकडे बंदिस्त, धड दुसरीकडे पुरलेले. ते दोन्ही एकत्र येतील की काय, ही टांगती तलवार कथेवर सतत राहते. सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल शिक्षणाने अभियंता. त्यांची उंची आणि चेहरा यांनी अर्धे काम केले. पहिल्या दोन प्रश्नांना भरघोस गुण. तिसऱ्यात मात्र हा चित्रपट मार खातो. मध्येच ‘शोले’ची नक्कल करणारे जगदीपचे विनोदी प्रकरण येते आणि भुताला बाजूला ताटकळत ठेवते. माझे गुण पाचपैकी साडेतीन. ‘दो गज’ला तीन. ‘वीराना’ (१९८८) मध्ये लाल-निळा प्रकाश आणि धुके यांची कारागिरी आहे, पण कथा विसविशीत, म्हणून अडीच.

गरिबीची सबब प्रत्येक ठिकाणी चालणार नाही. या चित्रपटांतली बाई बहुधा एक तर सैतानाचे भक्ष्य असते, नाही तर प्रेक्षकाच्या नजरेचे. स्नानाची दृश्ये पैशांअभावी घातलेली नव्हती. तिकिटे खपावीत म्हणून घातलेली होती. तिथे गुण कापलेच पाहिजेत, आणि तेही हसून नव्हे.

तुलसी रामसे २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये. त्यांच्या चित्रपटांना दयेपोटी वाढीव गुण देण्याचे कारण नाही, तसेच टिंगल म्हणून शून्य देण्याचेही नाही. पदरचे पैसे मोजून बाकावर बसलेला माणूस खरोखर घाबरून घरी जात होता. त्याच्या त्या घाबरण्याची आपल्या गुणपत्रिकेत कुठे तरी नोंद असली पाहिजे.