पुलावरचा ओव्हरटेक

आज पैशांच्या प्रयोगाबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण संगमेश्वरहून आलेलं एक पत्र स्वस्थ बसू देईना. एका बचत गटाच्या अध्यक्षबाई लिहितात, "थांबण्याच्या चाचणीबद्दल लिहिलंत, पण बाया आणि बाप्ये यांच्यात फरक पडतो का, ते शिताफीनं टाळलंत. आमच्या गटाचा हप्ता कधी चुकत नाही. आणि शास्त्री पुलाच्या तोंडाशी एसटीला ओव्हरटेक मारतात ते बाप्येच. मग कोणाचा स्वतःवर ताबा कमी?"

आधी त्या चाचणीचंच बघू. बाण दिसला की बटण दाबायचं, बीप वाजला तर हात आवरायचा. तुम्हाला थांबणं जमलं की पुढचा बीप 50 मिलिसेकंद उशिरा वाजतो. फसलात की तेवढाच लवकर. त्यामुळे भलाभला माणूसही निम्म्या वेळा फसतो. त्यावरून हात आवरायला किती वेळ लागतो याचा हिशेब मांडतात. लोगन आणि कोवन यांनी तो 1984 मध्ये बसवून दिला. निरोगी तरुणांत हा वेळ पाव सेकंदाच्या आतबाहेर येतो. आणि इथे बाई-पुरुष असा ठाम फरक हाती लागत नाही. एखाद्या अभ्यासात बायका जरा पुढे, दुसऱ्यात पुरुष.

फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. डरहॅम विद्यापीठातल्या क्रॉस, कॉपिंग आणि कॅम्पबेल यांनी 2011 मध्ये 277 अभ्यास एकत्र तपासले. थराराची ओढ पुरुषांत जास्त निघाली, शिक्षेची धास्ती बायकांत. बक्षिसाची भूल मात्र दोघांना सारखीच! थराराच्या ओढीतलं अंतर तरी केवढं? वाटेल तो एक पुरुष आणि वाटेल ती एक बाई अशा शंभर जोड्या लावल्या, तर साधारण 61 जोड्यांत पुरुष वरचढ ठरेल आणि 39 जोड्यांत बाई. जाणूनबुजून स्वतःला आवरण्याच्या बाबतीत बायका पुढे, पण इतक्या थोड्या की 52 विरुद्ध 48. एवढ्यावर कोणी कोणाला बोल लावू नये.

म्हणजे पुलावरच्या त्या गड्याचे ब्रेक शाबूत असतात, त्याला ते दाबायचेच नसतात. शिवाय आरवली ते संगमेश्वर हायवेवर स्टिअरिंग हातात असलेल्या बायका मोजा. गाड्या हाकणारे बहुतेक बाप्येच, तर ओव्हरटेक मारणारे दुसरे कोण असणार?

हप्त्याचं म्हणाल, तर अध्यक्षबाई, श्रेय थोडं वाटून घ्या. दहा-पंधरा ओळखीच्या बायका समोर, वही उघडी, उशीर झाला तर दंड, आणि एकीनं थकवलं की सगळ्यांच्या कर्जाचा खोळंबा. अशा बैठकीत हप्ता बुडवायची छाती कोणाची होईल? सरकारनं आणि बँकांनी हे गट मुख्यतः बायकांचेच उभे केले, म्हणून ही शिस्त बायकांचा उपजत गुण वाटते. तीच वही वाडीतल्या बाप्यांपुढे वर्षभर ठेवून बघा. माझ्या मते आकडे फार वेगळे निघायचे नाहीत.

पुढच्या आठवड्यात नक्की पैशांचंच. तोवर एक करा : आज 500 रुपये की महिन्यानं 600, यातलं तुम्ही काय घ्याल ते कागदावर लिहून ठेवा, आणि घरात कोणाला विचारून ते बदलू नका.