मनगटावरची साक्ष

दारू वाईट, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? तरी हात पेल्याकडे जातोच. सॉक्रेटिस म्हणे, खरं हित कळलेला माणूस जाणूनबुजून उलट वागणारच नाही. अ‍ॅरिस्टॉटलने त्यात एक बारकावा आणला: ज्ञान असूनही ऐन वेळी ते निजलेलं असू शकतं. उदाहरण दिलं तेही झोपलेल्याचं आणि प्यायलेल्याचंच!

आता स्मार्ट घड्याळ काय करतं बघा. आपण म्हणतो, ‘दोन पेग घेतले की छान झोप लागते.’ लागते लवकर, पण रात्रभर हृदयाचे ठोके चढे राहतात, उत्तररात्री झोप मोडते. सकाळी घड्याळ ते दाखवतं. ‘दारू वाईट’ हे सगळ्यांविषयीचं विधान झालं. ‘काल प्यायलो, ठोके वाढले’ हे आपल्याविषयीचं. माणूस कृतीला लागतो तो अशा विशिष्ट ज्ञानाने.

झोपेच्या टप्प्यांबाबत घड्याळाचा अंदाजच असतो. म्हणून एका रात्रीवर जाऊ नये. महिनाभरातल्या प्यायलेल्या आणि कोरड्या रात्री शेजारी मांडून पाहाव्यात. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबू नये, झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना विचारावं.

घड्याळ साक्ष देतं. पेला खाली ठेवायचा तो आपणच.