लाल दिवा लागला, आता काय करावे?

लाकूडकामाच्या धंद्यात बोट गमावलेला कारागीर आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. टेबल सॉ, म्हणजे गोल करवतीचे यंत्र, बोट आणि लाकूड यांत फरक करीत नाही. तो फरक यंत्राला शिकविण्याची युक्ती अमेरिकेतील स्टीव्ह गॅस यांनी १९९९ साली काढली. २००४ पासून 'सॉस्टॉप' या नावाने अशी यंत्रे विकली जाऊ लागली.

युक्ती अशी. पात्यात विजेचा अगदी सौम्य संदेश सोडलेला असतो. माणसाचे शरीर वीज वाहून नेते, म्हणून बोट लागताच तो संदेश क्षीण होतो. त्याच क्षणी स्प्रिंगच्या जोराने अॅल्युमिनियमचा ठोकळा पात्याच्या दातांत घुसतो. सेकंदाच्या दोनशेव्या भागात पाते थांबते आणि टेबलाखाली जाते. मोठी जखम टळते. पण ब्रेकची पेटी, म्हणजे कार्ट्रिज, बाद होते आणि बहुधा पातेही जाते.

मुख्य स्विच लावताच यंत्र स्वतःची तपासणी करते. दोष आढळला तर लाल दिवा लुकलुकतो व मोटार सुरू होत नाही. अशा वेळी यंत्राला दोष न देता प्लग काढावा आणि बिनखर्चाच्या कारणापासून तपासणी सुरू करावी.

पहिले, कार्ट्रिजची किल्ली पूर्ण फिरून बसली आहे काय? दुसरे, पाते आणि ब्रेक यांत सुमारे ३ मिलिमीटर अंतर आहे काय? पाते बदलल्यावर हे अंतर बिघडू शकते. तिसरे, पाते कार्ट्रिजला जुळणारे आहे काय? १० इंची पात्याचे कार्ट्रिज वेगळे, खाच पाडणाऱ्या डॅडो पात्याचे वेगळे. चौथे, आत भुसा साचला आहे काय? पाचवे, पात्याला कुठे धातू टेकला आहे काय? दिवे कसे लुकलुकतात त्यावरून नेमका दोष कळतो. त्याचा तक्ता यंत्राच्या पुस्तिकेत असतो.

ओल्या लाकडातूनही वीज वाहते, त्यामुळे ब्रेक विनाकारण सुटू शकतो. त्यासाठी 'बायपास'ची सोय आहे. ती केल्यावर ब्रेक सुटत नाही. पण मोटार बंद केली की ती सोय संपते, पुढच्या वेळी पुन्हा किल्ली फिरवावी लागते. हे मुद्दाम केलेले आहे. बायपासमध्ये यंत्र पुन्हा आंधळे होते, ही गोष्ट विसरू नये.

शेवटी मालकांना एक विनंती. ब्रेक सुटला म्हणून कारागिराच्या मजुरीतून पैसे कापू नका. कापले तर तो नुकसानीच्या भीतीने रोज बायपास लावील. त्यापेक्षा एक कार्ट्रिज आणि एक पाते दुकानात जादा ठेवा. ते पैसे पुन्हा कमावता येतात. कारागिराचे बोट पुन्हा येत नाही.