खाऊ फेकला, कार्ड ठेवलं

जपानमध्ये १९६१च्या आगेमागे जन्मलेली मुलं आता साठी उलटून गेली आहेत. पत्त्याएवढ्या छापील कार्डांचा नाद जन्मभर कसा पुरतो, हे बघायचं तर याच पिढीचं बोट धरून चालावं.

त्यांच्याआधी तिथे मेन्को होता, एदो काळापासूनचा. आधी मातीच्या चकत्या, मग शिशाच्या, मेइजी काळाच्या अखेरीस जाड पुठ्ठ्याच्या. आपली चकती समोरच्याच्या चकतीशेजारी अशी आपटायची की ती उलटी पडावी. उलटली की आपली. काडेपेटीचे छाप जिंकण्याहरण्यात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हे समजावून सांगायला नको. मेन्कोत मुख्य काम खेळायचं. साठा आपोआप व्हायचा.

उलटा प्रकार सुरू झाला १९७१ साली, ही मुलं शाळकरी वयाची असताना. एप्रिलमध्ये शोतारो इशिनोमोरी यांचा ‘कामेन रायडर’ टीव्हीवर आला आणि काल्बी कंपनीने त्याच्या नावाचा खाऊ बाजारात आणला. २० येनला गोडसर खाऊचा पुडा आणि सोबत एक कार्ड. पुढच्या बाजूला नायक नाहीतर एखादा राक्षस, मागे माहिती आणि क्रमांक. माझ्या मते सगळ्या भानगडीचं मूळ हा क्रमांक. तो नसता, तर चित्र आवडलं तर ठेवलं, नाही आवडलं तर कुणाला देऊन टाकलं, एवढ्यावर भागलं असतं. क्रमांक आला की मधलं एक आपल्याकडे नाही हे कळतं, आणि ते झोपू देत नाही. त्यात ‘लकी कार्ड’ निघालं तर कंपनीकडून अल्बम मिळायचा, म्हणजे रिकामे कप्पे डोळ्यांसमोर! पोरं पुडे घेत, कार्ड काढत आणि खाऊ फेकून देत. मोठ्यांनी ओरड केली, पण १९७३ पासून काल्बीने हीच युक्ती बेसबॉलला लावली. त्यातलं पहिल्या क्रमांकाचं कार्ड शिगेओ नागाशिमा यांचं. बेसबॉलची कार्डं आजही वेफर्सच्या पुड्यासोबत मिळतात.

१९८५ साली लोत्ते कंपनीच्या ‘बिक्कुरिमान’ने कळस केला. ३० येनचं चॉकलेट, आत देवदूत-सैतानांच्या लढाईतला एक स्टिकर. आधी कॉमिक नाही, मालिका नाही; स्टिकरच्या मागे दोन-तीन ओळी, त्या जुळवून मुलांनीच गोष्ट उभी करायची. समीक्षक एइजी ओत्सुका यांना यात इतकं काही दिसलं की १९८९च्या त्यांच्या पुस्तकात हे स्टिकर मध्यवर्ती उदाहरण ठरले. चॉकलेटं मात्र पुन्हा कचऱ्यात. १९८८ साली व्यापार आयोगाला मध्ये पडावं लागलं, आणि दुर्मीळ स्टिकरांचा तोरा उतरवला गेला. त्याच वर्षी बांदाईने ‘कार्डदास’ची यंत्रं आणली: २० येन टाका, मूठ फिरवा, कार्ड घ्या. खाऊचं सोंगच संपलं.

मग २० ऑक्टोबर १९९६ रोजी पोकेमॉनची कार्डं आली. त्यामागचे त्सुनेकाझू इशिहारा स्वतः ‘मॅजिक’ या अमेरिकी पत्त्यांच्या खेळाचे शौकीन. या कार्डाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात वर्तुळ, चौकट किंवा तारा असं बारीक चिन्ह असायचं. कार्ड किती दुर्मीळ आहे याची ती खूण. अगदी पहिल्या छपाईत ही खूणच नव्हती. हा रिकामा कोपरा शोधत जाणकार आज भिंग घेऊन बसतात. मित्सुहिरो आरिता यांनी रंगवलेला ज्वाळा ओकणारा ‘लिझार्दोन’, आपल्याकडचा चारिझार्ड, त्या कोपऱ्यासह मिळाला तर विचारायलाच नको.

१९९९ साली ‘यू-गी-ओ!’ची कार्डं आली आणि ऑगस्टमध्ये टोकियो डोममध्ये कार्डांच्या विक्रीपायी इतका गोंधळ उडाला की पोलीस बोलवावे लागले. पण मला बोचते ती दुसरीच गोष्ट. १९९७-९८ मध्ये ‘कोरोकोरो’ मासिकाने मुलांच्या चित्रकला स्पर्धा घेतल्या; विजेत्यांना बक्षीस म्हणून ‘पिकाचू इलस्ट्रेटर’ हे कार्ड दिलं. स्पर्धांतून ३९ कार्डं वाटली गेली. त्यातल्या एकासाठी लोगन पॉल या अमेरिकी यूट्यूबरने २०२१ साली ५२ लाख ७५ हजार डॉलर मोजले. चित्र काढणाऱ्या पोराचं कौतुक म्हणून दिलेला कागद प्लास्टिकच्या डबीत सीलबंद झाला, आणि तिथून छंदाचा सट्टा झाला.

ऑगस्ट २०२५ मध्ये जपानच्या मॅकडोनाल्ड्सने मुलांच्या जेवणासोबत पोकेमॉन कार्डं दिली. लोकांनी ढिगांनी जेवणं विकत घेतली, कार्डं काढून घेतली, अन्न टाकून दिलं. कंपनीने माफी मागितली आणि त्याच महिन्यातली ‘वन पीस’ कार्डांची योजना मागे घेतली. १९७१ सालीही हेच झालं होतं, फक्त तेव्हा खाऊ फेकणारी मुलं होती. या खेपेला पुनर्विक्रीसाठी आलेली मोठी माणसं होती. मुलांना मी माफ करीन.

आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानांत सोनेरी प्लास्टिकची पोकेमॉन कार्डं मिळतात. ती बहुतेक नकलीच असतात, विकायला गेलात तर कुणी हिंग लावून विचारणार नाही. तुमच्या घरातलं पोर ती घेऊन शेजारच्याशी अदलाबदल करत बसलं असेल, तर बसू द्या.